कॅबिनेटचा पंखा: शांतता किती रुपयांना पडते?

डेस्कटॉप घरघरायला लागला की बहुतेकांची पहिली धाव ऑनलाइन दुकानाकडे. तिथे ‘सायलेंट’ असं छापलेला 120 मिलिमीटरचा पंखा अडीचशे रुपयांनाही मिळतो आणि तीन हजारांनाही. गंमत म्हणजे दोन्हींपुढे लिहिलेले डेसिबलचे आकडे जवळजवळ सारखेच असतात. ते आकडे खुशाल बाजूला ठेवा. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने आणि आपल्या अंतरावरून मोजते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. हवेच्या आकड्याची, म्हणजे ‘सीएफएम’ची, तीच गत. तो पंखा मोकळ्यावर फिरवून काढलेला असतो. तुमच्या कॅबिनेटची जाळी, फिल्टर आणि आतला वायरींचा गुंता त्यात कुठेच धरलेला नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या किंवा ऑफिसच्या साध्या मशीनला शांत करायला दीड ते अडीच हजारांच्या वर जायची गरज नाही, आणि बऱ्याच जणांचं काम तर फुकटातच भागतं.

आधी आवाज कुणाचा ते ओळखा

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि मशीन चालू ठेवून कान द्या. नुसत्या कानाने कळलं नाही तर कॅबिनेटच्या पंख्याच्या मधल्या गोल बुंध्यावर बोटाचं टोक हलकेच टेकवून तो दोन-तीन सेकंद थांबवा. पात्यांमध्ये बोट घालायचं नाही, फक्त मधल्या बुंध्यावर टेकवायचं. हा 12 व्होल्टचा छोटा पंखा असतो, तेवढ्याने त्याचं काही बिघडत नाही. आवाज बंद झाला तर चोर सापडला. नाही झाला तर पुढच्या पंख्याकडे वळा. एसएमपीएसच्या पेटीत मात्र हात घालू नका आणि ती उघडूही नका. वीज बंद केल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका भार उरलेला असतो.

आवाजाचा पोतही बरंच सांगून जातो. कोरडी खरखर किंवा टकटक म्हणजे बेअरिंग गेलं, तो पंखा बदलायलाच हवा. सलग घूं घूं म्हणजे पंखा ठीक आहे, फक्त फार जोरात फिरतोय. पत्रा थरथरल्यासारखा आवाज येत असेल आणि झाकणावर तळहात दाबताच तो थांबत असेल तर दोष सैल स्क्रूचा. आणि गेम सुरू करताच बारीक, कानात घुसणारी शिट्टी वाजायला लागली तर ती ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची. तिथे जगातला कोणताही पंखा उपयोगाचा नाही.

ऑफिसच्या स्वस्त मशीनमध्ये बऱ्याचदा दोषी निघतो तो प्रोसेसरसोबत फुकट आलेला छोटा कूलर. तो लहान असतो, म्हणून उष्णता काढायला त्याला जीव तोडून फिरावं लागतं. अशा वेळी कॅबिनेटला तीन नवे पंखे लावण्यापेक्षा प्रोसेसरवर साधारण दीड-दोन हजारांचा उंच टॉवर कूलर बसवलेला बरा. निदान थर्मल पेस्ट तरी बदला. ती काही वर्षांत सुकते आणि दोनशे रुपयांच्या आसपास मिळते.

फुकटचे उपाय

पहिला उपाय झाडलोट. रस्त्यालगतचं घर असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर दोन-तीन महिन्यांत पुढच्या जाळीवर करड्या धुळीची गोधडी तयार होते. ब्रशने झाडा. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतात पंखा त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो आणि बेअरिंगचं कायमचं नुकसान होतं.

दुसरा उपाय बायॉसमध्ये आहे. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ 2 दाबून आत शिरा आणि पंख्यांचं पान शोधा. असूसच्या बोर्डवर त्याला ‘क्यू-फॅन’ म्हणतात, गिगाबाइटच्या बोर्डवर ‘स्मार्ट फॅन’. तिथे किती तापमानाला पंखा किती टक्के फिरावा याचा आलेख असतो. कारखान्यातून तो घाबरट स्वभावाचा ठेवलेला असतो. 50 अंशांपर्यंत 35 टक्के, 70 अंशांना 60 टक्के आणि 80 च्या वर पूर्ण वेग, इथून सुरुवात करा. 35 टक्क्यांवर पंखा थांबत असेल तर पाच टक्के वाढवा.

काही बोर्डांवर त्याच पानावर ‘स्टेप अप’ नावाची वेळेची सोय असते. ती काही सेकंदांनी वाढवा. आजचे प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी क्षणभर दहा-पंधरा अंश उडी मारतात आणि पंखा लगेच त्यांच्यामागे धावतो. माणसाला सलग आवाजाचा त्रास कमी होतो, हा चढ-उतारच जास्त खुपतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. तुमच्या पंख्याला तीन पिना असतील आणि बायॉसमध्ये त्या जागेसाठी ‘पीडब्ल्यूएम’ निवडलेलं असेल, तर पंखा कायम पूर्ण वेगाने फिरत राहतो. तिथे ‘डीसी’ किंवा ‘व्होल्टेज’ निवडलं की तो शहाण्यासारखा वागायला लागतो. नवा पंखा घ्यायला निघण्याआधी एवढं तपासा.

कमी फेऱ्या, जास्त पंखे

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने खाली येतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतलं तर 15 म्हणजे किती ते कळेल. आता 1200 फेऱ्यांनी ओरडणाऱ्या एका पंख्याऐवजी 600 फेऱ्यांचे तसेच तीन लावा. तीन पंख्यांचा मिळून आवाज एकापेक्षा पाचेक डेसिबलने वाढतो, तरी आधीच्या एकट्यापेक्षा तो दहा डेसिबलने कमीच राहतो. आणि मोकळ्या हवेचा हिशेब धरला तर हवा दीडपट.

यात एक मेख आहे. वेग निम्मा झाला की पंख्याचा दाब पाव होतो. म्हणजे पुढे बंद काच किंवा चिंचोळी फट असेल तर मंद पंखा हवा ओढूच शकत नाही, नुसता जागच्या जागी भिरभिरतो. म्हणून पंख्यावर पैसे घालण्याआधी ही परीक्षा घ्या. मशीनवर नेहमीचं काम वा गेम चालू ठेवा, तापमान पाहा. मग कॅबिनेटचं पुढचं पॅनेल काढून तेच काम दहा मिनिटं चालवा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर दुखणं पंख्यात नाही, पॅनेलमध्ये आहे. पुढे काच मिरवणारी कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण आतला संगणक गुदमरतो. तीन ते पाच हजारांत पुढे पूर्ण जाळी असलेलं कॅबिनेट मिळतं आणि त्या पैशाने जी शांतता येते ती पंख्यांच्या संचाने येत नाही.

किती पंखे पुरे? पुढून आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक. मागचा पहिला पंखा सर्वांत जास्त फरक पाडतो, पुढचे दोन त्याखालोखाल. चौथ्या-पाचव्यापासून फायदा एक-दोन अंशांवर येतो. सात-सात पंख्यांची कॅबिनेट ही फोटोसाठी असतात. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त असले तर फटीफटीतून धूळ शिरायचीही कमी होते, कारण हवा फिल्टरमधूनच आत येते आणि फटींतून बाहेर जाते.

कॅबिनेटला 140 मिलिमीटरच्या खाचा असतील तर मोठा पंखा घ्या. तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत देतो. मापाबद्दल सावध राहा. 120 च्या पंख्याच्या दोन भोकांमधलं अंतर 105 मिलिमीटर असतं, 140 च्या पंख्याचं 124.5. पट्टी लावून मोजा, अंदाजाने मागवू नका. जाडी सर्वसाधारणपणे 25 मिलिमीटर असते. 15 मिलिमीटरचे पातळ पंखे जागाच नसेल तेव्हाच घ्यावेत, कारण तेवढ्याच हवेसाठी ते जास्त फेऱ्या मारतात.

पिना मोजूनच पैसे द्या

बाजारात तीन तऱ्हेची जोडणी दिसते. चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा मदरबोर्डच्या तालावर चालतो आणि अगदी मंदही फिरू शकतो. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी-जास्त करून सांभाळता येतो, पण फार खाली नेला की थांबतो. तिसरा प्रकार थेट एसएमपीएसच्या जाड चौकोनी मोलेक्स पिनेला लागतो आणि मरेपर्यंत एकाच वेगाने फिरतो. स्वस्त कॅबिनेटमध्ये ‘चार आरजीबी पंखे मोफत’ म्हणून येतात ते बहुधा हेच. मोफत मिळालेले हे पंखेच पुढे काढून टाकावे लागतात.

दिव्यांबद्दल माझा आक्षेप आवडीनिवडीचा नाही. त्याच किमतीत दिवा आणि वायर बसवायची तर पैसा बेअरिंगमधूनच काढला जातो. शिवाय दिव्यांच्या जोडण्या दोन प्रकारच्या: एआरजीबी 5 व्होल्टची, साधी आरजीबी 12 व्होल्टची. 5 चा दिवा 12 वर लावला की एका क्षणात जळतो आणि वॉरंटीत बसत नाही. काही महागड्या संचांचा हब आणि पिना त्यांच्याच खास असतात. एक पंखा बिघडला तर पूर्ण संच बदलायची वेळ येते. घ्यायचाच असेल तर हे समजून घ्या.

मदरबोर्डच्या पंख्याच्या एका जागेवर साधारण 1 अँपिअरपर्यंत भार चालतो. साधा पंखा 0.1 ते 0.2 अँपिअर घेतो. म्हणजे शंभर-दीडशे रुपयांच्या स्प्लिटर वायरवर तीन पंखे निर्धास्त लागतात आणि पाचशे-सातशेचा हब घेण्याची गरज उरत नाही.

बाजारात काय भाव आहे

खालच्या किमती जीएसटी धरून आणि ढोबळ आहेत. डॉलर आणि सणासुदीचे सेल यांच्याबरोबर त्या शे-दोनशेने हलतात.

अडीचशे ते चारशे रुपयांत जे मिळतं ते तीन पिनांचं किंवा मोलेक्सचं, स्लीव्ह बेअरिंगचं. वाईटच असतं असं नाही. दिवसातून दोन तास चालणाऱ्या मशीनला मागे एक लावायचा असेल तर चालेल. पण स्लीव्ह बेअरिंगचा पंखा उभाच लावा. कॅबिनेटच्या छताला आडवा टांगला तर लवकर झिजतो आणि खरखरायला लागतो.

पाचशे ते हजार रुपये ही खरी कामाची पट्टी. आर्क्टिकचा पी 12, थर्मलराइटचा टीएल-सी 12 सी आणि डीपकूल, कूलर मास्टर यांचे बिनदिव्यांचे पीडब्ल्यूएम पंखे इथे सापडतात. तीन किंवा पाचचा संच घेतला तर नगामागे किंमत चांगलीच उतरते. दोघा मित्रांनी मिळून पाचचा संच घेऊन वाटून घ्यावा. पी 12 च्या ‘पीएसटी’ प्रकारात पंख्याच्याच वायरीला दुसरा पंखा जोडायची सोय असते, त्यामुळे स्प्लिटरचेही पैसे वाचतात. मला एकाच्याच खिशाची काळजी घ्यायला सांगितलं तर मी याच पट्टीतले तीन पंखे घेईन आणि 700-800 फेऱ्यांवर बांधून ठेवीन.

बाराशे-सोळाशेच्या पट्टीत नॉक्टुआची करडी ‘रिडक्स’ मालिका येते. त्याच्या वर, अडीच हजारांच्या पुढे, त्याच ऑस्ट्रियन कंपनीचा तपकिरी-बदामी एनएफ-ए 12 एक्स 25. हा 2018 साली आला. पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर फट ठेवलेली आहे, आणि फिरताना पाती ताणली जाऊन चौकटीला घासू नयेत म्हणून खास कडक प्लास्टिक वापरलं आहे. किंमत या नेमकेपणाची आहे. सहा वर्षांची वॉरंटीही आहे. पंखा उत्तमच, प्रश्न आपल्या खोलीचा आहे.

आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने छताचा पंखा फिरत असतो. तो तीनवर असताना टेबलाखालचा पंखा आठशेचा की तीन हजारांचा हे कुणीही डोळे मिटून ओळखून दाखवावं. खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न असतील तर प्रश्नच मिटला. महागडा पंखा शोभतो तो घरात आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्याला, किंवा एकाच खोलीत झोपणं आणि रात्रभर चालणारं मशीन अशी दोन्ही असलेल्याला, तेही एसीच्या किंवा थंडीच्या दिवसांत. बाकीच्यांनी ते दोन हजार रुपये रॅममध्ये किंवा एसएसडीत घालावेत.

प्रत्यक्ष दुकानात जाणार असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला म्हणा किंवा तुमच्या गावच्या कॉम्प्युटरवाल्याकडे, तर घरून मॉडेल नंबर लिहून न्या. ‘एक शांत पंखा द्या’ म्हटलं की काउंटरवर पडून राहिलेला दिवेवाला पुढे येतो. बंद खोक्यातला पंखा तिथेच जोडून फिरवून दाखवायला सांगा आणि हातात धरून पाहा. चांगला पंखा हाताला कंप देत नाही.

बसवताना

पंख्याची हवा कोणत्या बाजूने जाते यावर घरोघरी वाद होतात. आडव्या दांड्या आणि स्टिकर ज्या बाजूला असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. काहींच्या चौकटीवर बाणही असतो. तरी शंका असेल तर झाकण लावून पेटती उदबत्ती पुढच्या जाळीपासून चार बोटं दूर धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मागे धरली तर दूर ढकलला गेला पाहिजे. राख आत पडू देऊ नका. याच उदबत्तीने कॅबिनेटभोवती फिरलात तर हवा कुठल्या फटीतून उगाच येते-जाते तेही दिसतं.

पंख्याचे जाड स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत शिरतात, म्हणून पहिल्यांदा जोर लागतो. कंप पत्र्यात उतरू नये म्हणून रबरी खुंट्या मिळतात, पंख्याच्या खोक्यात असल्या तर जरूर वापरा. कॅबिनेटच्या मागे पत्र्यालाच भोकं पाडून जाळी केलेली असेल तर पंख्याच्या आवाजात तिची शीळ मिसळते. वॉरंटीची फिकीर नसलेले लोक कटरने ती जाळी कापून तारेची गोल जाळी बसवतात.

जुना स्लीव्ह बेअरिंगचा पंखा खरखरत असेल तर स्टिकर सोलून, खाली रबरी बूच असल्यास ते काढून, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. काही महिने निघतात. खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते पंख्याच्या पोटातही बाटलीतल्यासारखंच थिजतं.

नागपूर आणि रत्नागिरी

पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, तिच्याहून थंड हवा तो तयार करू शकत नाही. खोली 28 अंशांवर असताना प्रोसेसर 65 वर राहत असेल, तर मे महिन्यात 38 अंशांच्या खोलीत तो तेवढ्याच कामाला 75 च्या घरात जाणार. विदर्भात म्हणून उन्हाळ्यासाठी बायॉसमध्ये वेगळा आलेख ठेवावा लागतो. तिथे मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवायचा मोह होतो, तो टाळा. कूलरची हवा दमट असते, आणि पाणी जड असेल तर उडालेल्या बारीक थेंबांतले क्षार सर्किटवर बसतात.

कोकणात उष्णतेपेक्षा खारी दमट हवा जास्त त्रास देते. जाळी आणि स्क्रू गंजतात, धूळ ओली होऊन चिकटते. तिथे गरजेपेक्षा जास्त हवा ओढणारे पंखे म्हणजे तेवढं जास्त मीठ आत. दोन पंखे मंद ठेवा, चुंबकाने चिकटणारे फिल्टर लावा आणि पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नका.

वीज आणि बिल

कॅबिनेटचा पंखा हा मुळात बीएलडीसी मोटरचाच असतो. तीच बीएलडीसी, जिच्या नावाने आता छताचे पंखे विकले जातात. सव्वा वॉटचा एक असे तीन पंखे रोज आठ तास चालले तर वर्षाला अकराच्या आसपास युनिट होतात. दहा रुपये युनिट धरलं तर एकशे दहा रुपये. म्हणजे विजेच्या हिशेबाने पंखे कमी करण्यात काही वाचत नाही.

बिल घेताना त्यावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. ‘120 एमएम फॅन, 3 नग’ एवढंच लिहिलेलं बिल पंखा दुसऱ्या वर्षी खरखरायला लागला की वॉरंटीच्या खिडकीवर चालत नाही. खोकंही ठेवा, नगाचा अनुक्रमांक बऱ्याचदा त्याच्यावरच असतो.